उद्या काय?

मुके मास्तर मुके नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कॉलेजातली कित्येक पोरं पदवी घेऊन संसाराला लागली तरी त्यांना हे कधी कळलं नाही. मास्तरांचा आवाज चांगला भरदार होता. तो ऐकण्याची गरजच कधी कुणाला पडली नव्हती, एवढंच.

मास्तर रसायनशास्त्राचे मदतनीस होते. ही गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीची. तेव्हा लहान कॉलेजांत पद्धत अशी असायची, की वर्गात प्रोफेसरांनी बोलायचं आणि मदतनिसाने करून दाखवायचं. प्रोफेसरांनी काचेच्या भांड्याला हात लावला तर तो कमीपणा, आणि मदतनिसाने तोंड उघडलं तर तो उद्धटपणा. दोघं एकाच लांबलचक टेबलामागे उभे असत. प्रोफेसर मधोमध, काळ्या झग्यात. मदतनीस कडेला, ॲसिडने भोकं पाडलेल्या कोटात. प्रोफेसरांनी छडीने टेबलावर टक् केलं, की इकडे ज्योत पेटायची, पाण्याचा रंग पालटायचा, नाहीतर नळीच्या तोंडाशी फट्‌कन आवाज व्हायचा. पोरं टाळ्या पिटायची आणि पाहायची प्रोफेसरांकडे.

शिक्षकांच्या खोलीतही हाच थाट. प्रोफेसरांच्या खुर्च्यांना हात होते, मदतनिसांच्या खुर्च्यांना नव्हते. कॉलेजातलं हाताने करायचं सगळं काम ज्यांच्या गळ्यात, नेमक्या त्यांच्याच खुर्च्या थोट्या! पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी कुणी बोललं नसतं.

मास्तरांचे प्रोफेसर म्हणजे बडं प्रस्थ. पोरांनी त्यांचं नाव तोफ ठेवलं होतं. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज, आणि हातात कागदाचा कपटा नाही. कागद बघून शिकवणाऱ्यांना ते कारकून म्हणत. अख्खं वर्ष त्यांच्या जिभेवर होतं, आणि कुठला विनोद कुठे करायचा हेही ठरलेलं होतं. क्लोरीनच्या तासाला ते सर्दी झालेल्या जावयाची गोष्ट सांगत. पोरं हसली की त्या हसण्याच्या आवाजात मास्तर हळूच बाटलीचं बूच काढत. दरवर्षी पोरं तिथेच हसत आणि दरवर्षी बूच तिथेच निघे. एकमेकांचा श्वास ओळखावा इतकी त्या दोघांची सवय जुळली होती.

आता कुणाला वाटेल, इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं, म्हणजे केवढी दोस्ती असेल! नावाला नव्हती. प्रोफेसर मास्तरांच्या घरी कधी आले नव्हते, मास्तरांना प्रोफेसरांचं घर डावीकडच्या गल्लीत आहे यापलीकडे माहिती नव्हती. दोघांमध्ये रोजची एकच गोष्ट होती. संध्याकाळी कॉलेज सुटलं की दोघं बरोबर चालत निघत, गावातल्या मोठ्या चौकाच्या कोपऱ्यापर्यंत. वाटेत अवाक्षर नाही. प्रोफेसरांच्या बगलेत छत्री, मास्तरांचे हात मागे. कोपऱ्यावर आलं की प्रोफेसर थांबत आणि विचारत, “उद्या काय?”

“उद्या गंधक, सर.”

“बरं.”

एवढं बोलून ते डावीकडे वळत, मास्तर उजवीकडे.

हसू नका. मास्तरांच्या अख्ख्या दिवसात त्यांना उद्देशून कुणी बोललेलं हे एकच वाक्य असे.

मास्तर एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत. लग्न झालं नव्हतं. आधी धाकट्या भावंडांची जबाबदारी म्हणून राहिलं, मग ती आपापल्या वाटेला लागली तरी राहूनच गेलं. एक थोरली बहीण होती, लांबच्या गावी दिलेली. ती होती तोवर वर्षातून एकदा येऊन कोटाला ठिगळं लावी आणि विचारी, “जेवतोस ना रे वेळेवर?” ती गेली. त्यानंतर जेवण वेळेवर होतं की नाही, याची चौकशी करणारं जगात कुणी उरलं नाही. दिवसभर खालून शिवणयंत्राचा आवाज येई, तेवढी सोबत. अंधार पडला की यंत्र थांबे, आणि मग खोली मास्तरांच्या अंगावर येई. ते दिवा लावत, कोट काढून खुंटीला अडकवत, आणि त्या कोटाला रसायनशास्त्र शिकवत.

थट्टा नाही करत मी. रोज एक तास. प्रोफेसरांचे सगळे तास मास्तरांना तोंडपाठ होते, पण ते पोपटपंची करत नसत. त्यांचं स्वतःचं असं काही होतं. अमोनियाचा तासच घ्या. काचेचा मोठा चंबू अमोनिया वायूने भरून उलटा टांगायचा, त्यातून निघालेली नळी खाली लिटमसने लाल केलेल्या पाण्याच्या कुंडात सोडायची. चंबूवर गार ओलं फडकं ठेवलं, की पाणी आपोआप नळीतून वर चढतं, चंबूत कारंजं उडतं आणि उडता उडता लालाचं निळं होतं. प्रोफेसर आधी तासभर वायूचे गुणधर्म सांगत आणि शेवटी कारंजं दाखवत. मास्तरांचं म्हणणं, हे उलटं आहे. आधी कारंजं दाखवा. एक शब्द न बोलता. पोरांचे डोळे विस्फारू द्या, त्यांनाच विचारू द्या की असं का झालं. मग बोला. कोटाला ही रीत फार पटली होती. पोरांना कधी पटवायला मिळेल, ही मास्तरांच्या आयुष्यातली एकुलती एक इच्छा होती. त्यांना हाताची खुर्ची नको होती, झगाही नको होता. टेबलाच्या मधोमध उभं राहून एकदा, स्वतःच्या तोंडाने, अमोनिया शिकवायचा होता.

प्रोफेसरांचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांत आधी मास्तरांच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या येणार? एके दिवशी सर्दीवाल्या जावयाची गोष्ट तासात दोनदा आली. पोरं दुसऱ्यांदाही हसली, कारण तोफेसमोर न हसण्याची छाती कुणाला होती? मास्तरांचा हात मात्र बुचावर थबकला. मग एकदा प्रोफेसरांनी हजेरी घेताना अशा मुलाचं नाव पुकारलं, जो शिकून आता कुठेतरी वकिली करत होता. आणि हळूहळू कोपऱ्यावरचा तो प्रश्नही बदलला. शब्द तेच होते. पण पूर्वी ‘उद्या काय’ म्हणजे मांडामांड नीट करून ठेवा असा हुकूम असे. आता परगावच्या माणसाने रस्ता विचारावा तसा तो प्रश्न यायला लागला. “उद्या काय?” विचारताना ते मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहत, उत्तर मिळाल्यावर ते पुटपुटत घरी जात आणि बहुधा रात्रभर घोकत. सकाळी तयारीच्या खोलीत झगा चढवायला आले, की मास्तर बाह्या धरता धरता हळूच पुन्हा म्हणत, “आज फॉस्फरस, सर.”

“माहीत आहे मला,” प्रोफेसर गुरकावत.

एकदा का सुरुवातीचं नाव हातात दिलं, की पुढचा तास घड्याळाला किल्ली दिल्यासारखा सुरळीत चाले. मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. कुणाला सांगितलं नाही, आपण असं का करतो हे स्वतःलाही विचारलं नाही.

पण कॉलेज केवढं, चार भिंतींचं. कुणकुण प्राचार्यांच्या कानी गेलीच. प्राचार्य इतिहासाचे, माणूस सरळ. प्रोफेसरांचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं आणि मुदत वाढवायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची पाहणी समिती यायची होती. ती यायच्या आदल्या दिवशी, नेमकं कॉलेज सुटताना, प्राचार्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

“बसा,” ते म्हणाले. मास्तर उभेच राहिले. “मास्तर, तुम्ही त्यांच्या शेजारी उभे असता. तुम्हाला ठाऊक असणार. काय प्रकार आहे?”

मास्तर कोटावरची भोकं चाचपत राहिले.

“बरं, राहू द्या. तुमच्या तोंडून नको. उद्या समिती वर्गात बसेल, त्यांचं ते बघतील. मी माझ्याकडून तुमचं नाव सुचवलंय त्या जागेसाठी. बाहेरून कोण आणायचं? तुम्ही इतकी वर्षं काढलीत.” प्राचार्य जरा पुढे वाकले. “फक्त एक करा. उद्या तुमचं जे काम आहे तेवढंच करा. त्याच्या वर काही नको. ते सावरले तर सावरले, अडखळले तर अडखळू द्या. कळलं?”

मास्तरांनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता.

ते बाहेर आले तेव्हा प्रोफेसर निघून गेले होते. मास्तर जवळजवळ धावतच कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे कुणी नव्हतं. म्हणजे प्रोफेसर कोपऱ्यावर थांबले असणार, शेजारी कुणीच नाही हे त्यांना कळलं असणार, आणि उत्तर न घेताच ते घरी गेले असणार. डावीकडची गल्ली समोर होती. दोन मिनिटांचं काम. दार वाजवायचं आणि म्हणायचं, उद्या अमोनिया, सर. पण प्रोफेसरांच्या घरी मदतनीस बोलावल्यावाचून जात नसतो. मास्तरांनी स्वतःला हे कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आपलं जे काम आहे तेवढंच, हे प्राचार्यांचे शब्द त्यांच्या कानात गोड घोळत होते. ते उजवीकडे वळले.

त्या संध्याकाळी अंधार पडायची वाटही न पाहता कोटाला अमोनिया असा काही शिकवला गेला की खाली शिंप्याने यंत्र थांबवलं. “आज वर पाहुणे आलेत की काय?” त्याने बायकोला विचारलं.

“कोण येणार बाई त्यांच्याकडे?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर तयारीच्या खोलीत आलेच नाहीत. समितीच्या पाहुण्यांबरोबर प्राचार्यांकडे चहा घेऊन, शिपायाकरवी झगा मागवून, ते थेट वर्गात आले. मास्तर टेबलाच्या कडेला तयार होते. अमोनिया भरलेला चंबू उलटा टांगलेला, खाली कुंडात लाल पाणी. सगळं जिथल्या तिथे. मागच्या बाकावर तीन पाहुणे बसले. त्यांतले एक, जाड चष्म्याचे, स्वतः रसायनशास्त्राचे होते. त्यांच्या शेजारी प्राचार्य.

प्रोफेसरांनी एकवार टेबलाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. ती नजर मास्तरांना पुढे जन्मभर विसरता आली नाही. गर्दीत हात सुटलेल्या लहान मुलाची असते तशी ती होती. मास्तरांनी खाली पाहिलं.

मग तोफ धडाडली. “आज आपण,” प्रोफेसर म्हणाले, “हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू पाहू!”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हायड्रोक्लोरिक गेल्याच आठवड्यात झाला होता. त्यालाही असंच कारंजं असतं, हुबेहूब हीच मांडणी. फक्त चंबूत वायू दुसरा, आणि रंगांची उलटापालट. तिथे निळं पाणी वर चढून लाल होतं. टेबलावर उलटा चंबू आणि कुंड पाहून प्रोफेसरांच्या मनाने तो तास पकडला होता. तासाच्या शेवटी ते छडी आपटणार, निळ्याचं लाल होईल म्हणून गर्जणार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालाचं निळं होणार. चष्मेवाल्यांना सांगावंही लागणार नव्हतं.

मास्तरांना फक्त आपलं काम करायचं होतं. छडी वाजली की फडकं ठेवायचं, बस. हाताची घडी घालून तासभर उभं राहायचं आणि खुर्ची आपोआप त्यांच्याकडे चालत येणार होती.

पोरं मात्र मजेत होती. त्यांना वाटलं, पाहुण्यांसमोर चमकायला सर मुद्दाम जुनाच धडा घेताहेत. अशी चलाखी त्यांना नवी नव्हती. प्रोफेसर प्रश्न विचारत आणि सगळा वर्ग धडाधड बरोबर उत्तरं देई. गेल्याच आठवड्यात ऐकलेलं, न द्यायला काय झालं? पाहुणे कौतुकाने माना डोलवत होते. प्राचार्य बुचकळ्यात पडले होते. आणि टेबलामागे, सगळ्यांच्या समोर असूनही कुणालाच न दिसणारा एक माणूस स्वतःशी भांडत होता.

ते भांडण फार वेळ चाललं नाही. मास्तरांना एकच गोष्ट दिसत होती. हा माणूस उद्यापासून कोपऱ्यापर्यंत आपल्याबरोबर चालणार नाही. मधोमध उभं राहून आपण अमोनिया शिकवू, पोरं टाळ्या वाजवतील, आणि संध्याकाळी चौकात आपल्याला विचारायला कुणी असणार नाही. त्यांनी टांगलेला चंबू हळूच उतरवला.

तयारीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मास्तर आत-बाहेर करत राहिले, आणि मदतनीस आत-बाहेर करतोय याची दखल जगात कोण घेतं? सुक्या चंबूची दुसरी जोडी ते नेहमी तयार ठेवत, ती कामी आली. मीठ काढलं, गंधकाम्ल ओतलं, मंद ज्योतीवर ठेवलं. वायू यायला लागला, नवा चंबू भरत गेला. एरवी निवांत करायचं काम आज घाईघाईत उरकावं लागत होतं. राहिलं कुंडातलं पाणी. ते लाल होतं, निळं करायला हवं होतं. मास्तरांनी अमोनियाची बाटली टेबलावर आणली आणि चार थेंब टाकले. पाणी सुरेख निळं झालं. चंबू टांगून होतो तोच छडी वाजली.

टक्!

“पाहा,” प्रोफेसर गर्जले, “निळ्याचं लाल!”

मास्तरांनी फडकं ठेवलं. नळीतून निळी रेघ वर चढली, टोकाशी पोचली, आणि चंबूत लालभडक कारंजं उसळलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागचे तिन्ही पाहुणेही टाळ्या वाजवायला लागले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

आणि त्याच वेळी टेबलावर पांढरा धूर दिसला.

आधी एक बारीकशी सुतळी, मग लोटच्या लोट. मास्तर गडबडीत अमोनियाच्या बाटलीचं बूच लावायला विसरले होते. हे दोन वायू हवेत भेटले की दाट पांढरा धूर होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. इतक्या वर्षांत मास्तरांच्या टेबलावर असा धूर कधी झाला नव्हता. प्रोफेसरांचं निळं जमवून द्यायला जे चार थेंब वापरले, त्यांनीच घात केला. चष्मेवाले नाक वर करून शेजारच्याच्या कानाशी लागले.

प्रोफेसरांनी धुराकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. मास्तरांच्या सगळ्या नोकरीत प्रोफेसरांनी वर्गासमोर त्यांचा उल्लेख केला तो तेव्हा, एकदाच.

“माफ करा,” ते पाहुण्यांना म्हणाले. “आमच्या मदतनिसांना साधी बाटली बंद करायचं भान नाही. टेबल स्वच्छ ठेवायला मी यांना कितीदा सांगायचं?”

वर्गात खसखस पिकली. मास्तरांनी बूच लावलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण मदतनिसाने वर्गात बोलायचं नसतं.

समितीने प्रोफेसरांना दोन वर्षांची मुदत वाढवून दिली. स्मरण, वाणी, शिकवण्याची हातोटी, सगळं उत्तम म्हणाले. मदतनीस मात्र निष्काळजी आहेत, त्यांना पुढची जागा देण्याचा विचार नको, असंही म्हणाले. प्राचार्य मास्तरांना बोलावून नुसते पाहत राहिले. “तुम्ही हे काय केलंत?” त्यांनी विचारलं. त्यांना किती कळलं होतं देव जाणे. मास्तर म्हणाले, “बूच राहून गेलं, सर.”

हे सगळं मास्तरांनी गिळलं असतं. खुर्ची गेली तर गेली, चालणं तर राहिलं, असा त्यांचा हिशेब होता. पण त्या संध्याकाळी प्रोफेसर त्यांच्यासाठी थांबले नाहीत. छत्री बगलेत मारून ताडताड पुढे निघाले. पाहुण्यांसमोर झालेली शोभा त्यांच्या मनातून जाईना. स्वतःचं सगळं विसरायला लागलेल्या त्या माणसाला दुसऱ्याची ही एक चूक मात्र पक्की लक्षात राहिली. मास्तर मागून चालत गेले, अंतर ठेवून. कोपऱ्यावर आल्यावर प्रोफेसर सवयीने थांबले. वळून न पाहता समोरच्या हवेला म्हणाले, “उद्या काय?”

मास्तर मागून म्हणाले, “उद्या अमोनिया, सर.”

“बरं,” प्रोफेसर हवेला म्हणाले, आणि डावीकडे गेले.

पुढची दोन वर्षं अशीच गेली. पुढे एक, मागे एक. झगा चढवायला आता शिपाई येई, आणि मास्तर आज काय आहे ते भांडी पुसता पुसता भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणत. प्रोफेसर ऐकत आणि ऐकलं नाही असं दाखवत. एकही तास चुकला नाही. सबंध कॉलेज म्हणे, म्हातारा अजून खणखणीत आहे. मास्तरांना वाईट वाटत असे का? वाटत असे. फार वाटत असे. रात्री ते कोटाशीही बोलेनासे झाले होते. शिकवायचं कुणाला आणि कशासाठी?

मुदत संपली. हार-तुरे झाले, भाषणं झाली, आणि प्रोफेसर घरी बसले. त्यांच्या जागी बाहेरगावचे एक तरतरीत गृहस्थ आले. नव्या रीतीचे. ते स्वतःच बोलत आणि स्वतःच प्रयोग करत. मास्तरांनी भांडी धुऊन ठेवली की त्यांचं काम संपे. संध्याकाळी मास्तर मागच्या रस्त्याने घरी जायला लागले. चौकातून जायचं त्यांना धैर्य होत नव्हतं.

एके दुपारी तयारीच्या खोलीच्या दारात एक वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्हीच ना ते मु...” म्हणून त्या ओशाळून थांबल्या.

“हो, मीच,” मास्तर म्हणाले.

त्या प्रोफेसरांच्या पत्नी होत्या. मास्तरांनी पुढे केलेल्या स्टुलावर त्या बसल्या आणि पदराने घाम टिपत राहिल्या. “कुणाला विचारावं कळेना, म्हणून आले,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी छत्री घेऊन निघतात हो. चौकाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात. दिवे लागले तरी हलत नाहीत. हाताला धरून आणावं लागतं. घरी आले की मला विचारतात, उद्या काय? मी म्हटलं, उद्या बुधवार. तर माझ्यावर खेकसले. परवा म्हटलं, उद्या धोबी यायचाय. तर रडायलाच लागले. सगळा संसार झाला, पण मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना काय हवंय हो? तुम्हाला काही ठाऊक आहे का?”

“आहे,” मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तर चौकाकडे निघाले. वाटेत त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, काय सांगायचं? अमोनिया म्हणावं, तर हा माणूस रात्रभर अमोनिया घोकत बसेल, सकाळी उठून झगा शोधेल, आणि झगा कुठे असणार? क्लोरीन म्हणा, गंधक म्हणा, तेच. या माणसाला शांत झोप लागेल असं उत्तर पाहिजे होतं.

प्रोफेसर कोपऱ्यावर उभे होते. मिशा विसकटलेल्या, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं, छत्री मात्र बगलेत बरोबर. मास्तर या वेळी मागे थांबले नाहीत. पूर्वीसारखे त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. प्रोफेसरांनी पाहिलं. राग विसरला होता की माणूसच विसरला होता, सांगता येत नव्हतं.

“उद्या काय?”

“उद्या सुट्टी, सर.”

“सुट्टी?”

“हो, सर.”

“नक्की?”

“नक्की.”

प्रोफेसरांचा चेहरा असा काही खुलला, की मास्तरांना भरून आलं. “वा!” ते म्हणाले. “वा, वा! सुट्टी!” आणि खुशीत डावीकडे वळून चालायला लागले.

चार पावलं गेले आणि थांबले. उत्तर मिळाल्यावर ते कधी मागे वळले नव्हते. आज वळले, परत आले, आणि मास्तरांच्या तोंडाकडे अगदी जवळून, आस्थेने पाहायला लागले.

“मग तुम्ही काय करणार उद्या?” त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं रोज संध्याकाळी मास्तरांकडे उत्तर तयार असे. उद्या काय याचं उत्तर एकदाही चुकलं नव्हतं. पण ते उद्या प्रोफेसरांचं होतं. मास्तरांचं स्वतःचं उद्या काय, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा कळलं की तिथे काहीच नाही. शिंप्याच्या वरची खोली होती, खुंटी होती, कोट होता. 

कच्च्या विद्यार्थ्याला वेळ द्यावा तसे प्रोफेसर शांतपणे वाट पाहत थांबले. चौकातले दिवे लागले. मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि ते डावीकडे निघून गेले.